मल्लाप्पांच्या नावानं

माणूस आईच्या पोटी जन्मला, एवढ्यानं त्याचं अस्तित्व सिद्ध होत नाही. कॉम्प्युटरनं त्याला ओळखावं लागतं. वडगावच्या एका विणकर संस्थेत हा मान बराच काळ फक्त मल्लाप्पांनाच होता. ते कधीचे निवृत्त झाले होते, पण सगळे त्यांच्याच खात्यातून काम करायचे. (सर्वात कार्यक्षम कर्मचारी: मल्लाप्पा. कामाचा वाटा: शंभर टक्के. रजा: शून्य.)

मंजुश्री साडीच्या काठांची डिझाइनं काढायला नव्यानं लागली. तिचा प्रत्येक काठ आपोआप मल्लाप्पांच्या नावे जमा होऊ लागला. तिथं आपलं नाव लागावं, एवढीच तिची हाव. कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा (फुकट मिळते म्हणून एकमतानं निवडलेली). काळ्या पडद्यावर 'सुडो ॲडयूजर मंजुश्री' एवढी ओळ लिहायची, पासवर्ड द्यायचा, की झालं नवं खातं.

अध्यक्ष नागराज अण्णांना हे फारच उथळ वाटलं.

"तू लगीन करून जाणार. मग तुझं नाव पुसत कोण बसायचं? मल्लाप्पाचं हाय की. त्याला काय काटं हाईत व्हय?"

तरीही अन्याय नको म्हणून उपसमिती नेमली. तिनं खात्याचं नाव मराठीत असावं की कन्नडमध्ये यावर सखोल विचार केला आणि कॉम्प्युटरला दोन्ही चालत नाहीत हे कळल्यावर समाधानानं चहा घेतला.

वार्षिक सभेत मोराच्या काठाबद्दल शाल-श्रीफळ देण्यात आलं. अर्थात मल्लाप्पांना.

"अण्णा, मी एक बी मोर काढलेला न्हाय वो," ते बिचारे म्हणाले.

"असू दे आप्पा, कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाय."

मंजुश्रीनं टाळ्या वाजवल्या. रडू दिसू नये म्हणून जरा जोरातच.

सभा पांगल्यावर तिनं ती ओळ स्वतःच टाइप केली. (मल्लाप्पांचा पासवर्ड गुप्त असल्यानं मॉनिटरवर चिकटवलेला होता.) पडद्यावर आपलं नाव बघून तिला लई बरं वाटलं.

पुढं रूपाली कामाला आली. आल्या आल्या तिनं नव्या खात्याचं विचारलं.

"कशाला गं?" मंजुश्री म्हणाली. "तू काय कायमची हाईस व्हय? माझ्या खात्यातनंच कर की."

वाचकांनी खुशाल हसावं. हसून झाल्यावर आपल्या दारावरच्या पाटीवर कुणाचं नाव आहे ते एकदा बघून यावं, आणि आत येताना चहा कोण टाकतंय तेही.