तीन पायऱ्यांचे जाधवतात्या

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतल्या कुठल्याही लग्नाचा अल्बम उघडा. नवरा सहाफुटी असो नाहीतर सव्वासहा, आशीर्वाद देणारे जाधवतात्या बरोबर त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे दिसतील. प्रत्यक्षात तात्यांची उंची चार फूट नऊ इंच, आणि तीही सकाळची. संध्याकाळपर्यंत दोनेक इंच झिजते. फोटोग्राफर कमरेखालचं घेत नाही म्हणून बरं. तिथे तीन पायऱ्यांचं घडीचं स्टूल असतं. तात्या स्टेजवर ते उघडतात, चढतात, आशीर्वाद देतात, मिटून काखोटीला मारतात आणि सरळ पंगतीला जातात.

"लाजायचं काय त्यात?" ते म्हणतात. "उंची ही उसनी घ्यायची चीज आहे. काम झालं की परत!"

तात्या जन्मभर एका वाचनालयात शिपाई होते. वरच्या फळीवरची पुस्तकं काढून देणं हे त्यांचं काम. रिटायर होताना शाल-नारळ नको म्हणाले, स्टूल मागून आणलं. तेव्हापासून तिन्ही मजल्यांचे पोटमाळे त्यांच्या ताब्यात आहेत. आमच्याकडे माणसं खोलीत राहतात आणि संसार माळ्यावर. गणपतीचं मखर, जयंतीच्या निळ्या पताका, बंद पडलेला मिक्सर, कुणाच्या माळ्यावर काय आणि कितव्या रांगेत, सगळं तात्यांना तोंडपाठ. पहिल्या मजल्यावरून परबवहिनी नुसतं "मोदकपात्र!" म्हणाल्या, की तिसऱ्यावरून दाढीचा फेस उडवत तात्या ओरडणार, "मागची रांग, उजवीकडे, सतरंजीखाली! हात लावू नका, आलोच!"

एकदा परबांची आजी दुपारभर सापडेना. तात्यांनी जागेवरून निकाल दिला, "माझ्या यादीत नाहीत, म्हणजे माळ्यावर नाहीत. खाली बघा." आजी खरंच खाली होत्या. नळावर भांडत होत्या.

चढण्याची शिस्त तर लष्कराने शिकून घ्यावी. स्टूल उघडलं की तात्या विचारणार, "खट् ऐकलं?" घरातल्या प्रत्येकाने "ऐकलं!" म्हणायचं. एखादा पाहुणा गप्प राहिला, तर स्टूल मिटून पुन्हा पहिल्यापासून. शिवाय एका वेळी एकच वस्तू. आज कुकर काढला तर शिटी उद्या.

परबांचा सुधीर सहा फूट दोन इंच. एकदा म्हणाला, "तात्या, तुम्ही कशाला? माझा हात पोचतो ना!"

"हात पोचतो रे बाबा, डोळे पोचतात का? वर आंधळ्यासारखा चाचपणार आणि आईच्या डोक्यात परात घालणार."

सुधीरने चाचपलं, आणि परात घातली. तेव्हापासून तो तात्यांना वाकून नमस्कार करतो. वाकल्यावर दोघांची उंची कशीबशी जुळते.

यंदा होळीच्या दहाएक दिवस आधी तात्यांना परबांकडे वरच्या पायरीवर चक्कर आली. सुधीरने झेललं. डॉक्टरांनी सांगितलं, आता स्टुलाची एक पायरीसुद्धा चढायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल आमच्या दाराला टेकवून ठेवलेलं. तात्यांचं दार बंद. चार दिवस गेले, आठ गेले. म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून कुणी हाकही मारेना. चाळ म्हणजे किती समजूतदार बघा!

शेवटी स्टूल घेऊन मीच गेलो. इतक्या वर्षांत हा माणूस आमच्या घरात शेकडो वेळा आला असेल, मी त्यांच्या घरात पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. एक ताट, एक कप, एक पातेलं, सगळं कमरेच्या उंचीवर. वर बघितलं. माळा रिकामा होता.

"ही गेली तेव्हा सगळं वाटून टाकलं," तात्या म्हणाले. "एकट्या माणसाकडे वर ठेवण्यासारखं काय असतं रे? मला घरात स्टूल कधी लागलंच नाही. ते तुमच्याकडे यायला लागायचं. ठेव तुझ्याकडेच."

तसाच स्टूल घेऊन घरी आलो आणि नंदाला सगळं सांगितलं. बायको माझी हुशार. ती गॅलरीत गेली आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडली, "तात्या, उद्या होळी! पुरणयंत्र सापडत नाहीये, आणि हे चढतायत!"

तात्यांचं दार असं उघडलं की कडी निखळली असावी. धावत आले, दोन्ही हातांनी स्टूल गच्च धरलं आणि मला वर चढवलं. मी माळ्यात घुसलो.

"मागची रांग, डावीकडे, पत्र्याच्या पेटीमागे. दिसलं?"

पुरणयंत्र बरोब्बर तिथेच होतं. मी ते मांडीवर घेतलं.

"नाही हो तात्या, दिसत नाही."

"नीट बघ. घाई करू नकोस, मी धरलंय."

खालून नंदाचा आवाज आला, "सोडा आता ते स्टूल, तात्या. त्यांना वेळ लागेल. जेवायलाच बसा तुम्ही, वरण-भात तयार आहे."

पाट मांडल्याचा आवाज आला. मग तात्यांचा. परबांच्या आजीचा किस्सा पहिल्यापासून सुरू झाला होता.

छताला डोकं टेकवून, पुरणयंत्र मांडीवर घेऊन, मी अर्धा तास ते शोधत होतो.