उपाशी राजदीपचा ढेकर

दुपारी दोनला उर्वशीने राजदीपच्या तोंडात दुधाची बाटली दिली, तेव्हा त्याने ती जिभेने बाहेर ढकलली आणि खिडकीकडे बघत एक लांबलचक, तृप्त ढेकर दिला. सकाळी नऊनंतर या मुलाच्या पोटात काही गेलेलं नव्हतं. निदान उर्वशीच्या माहितीत तरी नव्हतं.

राजदीप आठ महिन्यांचा. तो चार महिन्यांचा असताना उर्वशीला टायफॉइड झाला, अंगावरचं दूध आटलं आणि डब्यातलं सुरू झालं. सहावा महिना संपल्यावर अंगणवाडीच्या रिनाताईंनी बजावलं होतं, आता मऊ वरणभात सुरू करा, पण दूध कमी होऊ देऊ नका; वर्षाचा होईपर्यंत खरं पोषण दुधाचंच. उर्वशी बी.एस्सी. झालेली. तिने सगळं वहीत लिहून घेतलं.

घरी मात्र सासूबाईंचा, सत्यशीलाबाईंचा नियम होता. उष्टावण झाल्याशिवाय पोराच्या जिभेला भात लागायचा नाही, आणि पहिला घास मामानेच भरवायचा. मामा म्हणजे उर्वशीचा भाऊ विक्की. तो सिरोंच्याकडे वनरक्षक, आणि वाघांच्या गणतीमुळे त्याला सुटी मिळेना. मुहूर्त दोनदा टळला.

"मामा येईन, मंग भात," सत्यशीलाबाई म्हणाल्या, आणि विषय मिटला.

मग उर्वशी रोज सकाळी नऊला दार लावून घ्यायची आणि राजदीपला चोरून चार चमचे वरणभात भरवायची. गेल्या महिन्यात त्याचं वजन साडेसहा किलोवर अडलं होतं. या शनिवारी काटा हलला नाही, तर चंद्रपूरला दाखल करावं लागेल असं रिनाताई म्हणाल्या होत्या. तेव्हापासून उर्वशीला दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि आता हा ढेकर. त्याला गुळाचा वास येत होता.

ती लक्ष ठेवू लागली. एके दिवशी राजदीपच्या हनुवटीखाली पांढरा, चिकट ओघळ सुकलेला दिसला. दुधाच्या डब्यावर तिने आतल्या भुकटीच्या उंचीइतकी पेनाने रेघ मारली, तर बाटल्यांच्या हिशेबापेक्षा भुकटी रोज जास्तच उतरत गेली. दुपारी धान कापून रिकामी झालेली शेतं भकास दिसायची, सगळं गाव खळ्यावर असायचं, तळ्यावरची टिटवीसुद्धा गप्प. अशा वेळी ती खोलीत आली, की पाळणा आपोआप हलत असायचा आणि राजदीप रिकाम्या कोपऱ्याकडे बघून मिटक्या मारत असायचा.

कोणाला विचारायचीही सोय नव्हती. 'याला कोण भरवतंय?' म्हटलं, की आपलीच चोरी उघडी पडायची.

तरी तिने एकदा आडून विचारलं. "आई, दुपारी कोणी येऊन गेलं का घरी?"

"कोन येते? काऊन?"

"काही नाही. पाळणा हलत होता."

सत्यशीलाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "तुले बी दिसला का व?"

"वारा असन," ओसरीवरून सासरे लटारूभाऊ म्हणाले. पेपर त्यांनी तोंडासमोरून काढला नाही. तो पेपर मात्र जराही हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी उर्वशीने ठरवलं. घरात कोणी वारलं, की तिसऱ्या दिवशी पीठ पसरून त्यात गेलेल्या माणसाचं पाऊल उमटतं का ते बघतात, हे तिने लहानपणी पाहिलं होतं. तिने चुलीतली राख चाळली, पाळण्याभोवती पातळ पसरली आणि परसात जाऊन बसली. अर्ध्या तासाने परत आली तर राखेत पाऊल नव्हतं. राखच दिसत नव्हती. राखेवर तांदळाचं पीठ पसरलेलं होतं, एकसारखं, हाताने फिरवल्यासारखं. त्या पिठातही पाऊल नव्हतं. मधोमध राजदीप झोपला होता आणि त्याच्या ओठांवर बिस्किटाचा चुरा होता.

उर्वशीने मुलाला उचललं आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही.

शुक्रवारी विक्की आला. चार तासांची सुटी, अंगावर खाकी वर्दी, खिशात भाच्यासाठी चांदीचा चमचा. पाट मांडला, खीर झाली, राजदीपला मामाच्या मांडीवर बसवलं.

"पाह्य आता खिरीवर कसा तुटून पडते," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "आठ महिने उपाशी हाये लेकरू."

राजदीपने चमचा पाहिला आणि ओठ घट्ट मिटले. विक्कीने टिचकी वाजवली, वाघाचा आवाज काढला, नाक दाबून पाहिलं. तोंड उघडेना.

"असं त मी कधी पायलं नाई," लटारूभाऊ पुटपुटले.

विक्कीने चमच्याचं टोक कसंबसं ओठांत सरकवलं. राजदीपने डोळे मोठे केले, अंग आखडलं, आणि पोटात होतं तेवढं सगळं मामाच्या वर्दीवर रिकामं केलं.

विक्की वनरक्षक असल्यामुळे त्याने खाली वाकून बारकाईने पाहिलं.

"ताई, हा वरणभात दिसते."

उर्वशीने मान खाली घातली. "माझा आहे. सकाळी तो रडू नये म्हणून."

"अन् हे गुळाची पेज."

"मी पाजली," सत्यशीलाबाई हळूच म्हणाल्या. "वजनापायी रोज देतो दुपारी. दोन दिवसांपासून खायेना, म्हनून मले वाटलं दुसरं कोनी येऊन राह्यलं. पीठ टाकलं मंग."

"माझ्या राखेवर?"

"राख कोनं पायली व? माहे डोये बंद होते भेवानं."

दोघींनी लटारूभाऊंकडे पाहिलं.

"मी आत जातच नाई," ते म्हणाले. "खिडकीतूनच देतो बिस्किट, चहात बुडवून. पाळणाबी तिथूनच हालवतो काडीनं."

"घरात दूध नसते. चहा कायचा?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"डब्यात असते ना," लटारूभाऊ म्हणाले आणि पेपर शोधू लागले.

उर्वशीला हसूही आलं आणि रडूही. तेवढ्यात विक्की म्हणाला, "अन् हे पांढरं?"

सत्यशीलाबाईंनी बोटाने थोडं उचललं, वास घेतला. "शिंगाडा हाये. उकडून घोटलेला, कपड्यातून गायलेला. एक गाठ नाई."

"कोणी दिला?" उर्वशीने विचारलं.

कोणीच नाही. घरात यंदा शिंगाडे आणलेच नव्हते. शेजारची भागीरथाबाई लेकीकडे चामोर्शीला जाऊन पंधरा दिवस झाले होते. सगळ्यांनी एकदम रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग विक्कीला एकाएकी बसची आठवण झाली.

शनिवारी अंगणवाडीत राजदीपला काट्याच्या झोळीत ठेवलं. उर्वशीने डोळे मिटून घेतले.

"सात किलो शंभर," रिनाताई म्हणाल्या. "काय करून राह्यल्या व तुम्ही? एका महिन्यात सहाशे ग्रॅम."

उर्वशीने सगळं सांगितलं. शिंगाड्याचं तेवढं गाळलं.

"बिस्किट अन् चहा बंद करा. आधी दूध, मंग भात, पेज. बाकी चालू हाये ते चालू ठेवा. काईच तोडू नका."

त्या दुपारी उर्वशीने एक वाजता बाटली दिली. राजदीप सगळी प्यायला. दोनच्या सुमाराला ती पाळण्याजवळ काठी घेऊन बसली. राजदीपने तिच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे पाहिलं, आणि चिमणीच्या पिलासारखं तोंड उघडून वाट बघत राहिला.

उर्वशी पाच मिनिटं तशीच बसली. तिच्या डोळ्यांपुढे वजनाचा काटा होता. मग ती उठली, काठी उचलली, दाराशी गेली आणि मागे न बघता दबक्या आवाजात म्हणाली, "दूध आत्ताच पाजलं आहे. थोडंच द्या."

आणि तिने दार बाहेरून ओढून घेतलं.