लिफ्टमध्ये अडकलेली जड प्रत

मला फापटपसारा चालत नाही. नको ती वस्तू दिसली की बाहेर, असा माझा हात. म्हणून तर लिफ्टच्या कारखान्यातली माझी नात अडली की मलाच विचारते. निदान मी तरी सगळ्यांना तसंच सांगते.

परवा तिचा विसरलेला चष्मा द्यायला गेले, तर पोरगी कपाळाला हात लावून बसलेली. नवा प्रोग्रॅम लिफ्टच्या इवल्याशा चिपमध्ये मावेना.

"आजी, आत प्रत्येक कामाला नाव असतं. बिघाड कुठं झाला ते आम्हाला कळावं म्हणून. नावं काढली की प्रोग्रॅम निम्मा होतो."

"मग काढ की. वाट कसली बघतेस?"

"साहेब येतायत चाचणीला. लिफ्ट अडली तर माझी नोकरी गेलीच म्हणून समज."

तिनं कमांड दिली. गरम पाण्यात घातलेल्या स्वेटरसारखा प्रोग्रॅम आटला आणि चिपमध्ये बसला! कॉम्प्युटरवरची मूळ प्रतही आटली. नावांसकटची जड प्रत तेवढी एका पेन ड्राइव्हवर उरली.

"हा कशाला आता? आण, मी टाकते," म्हणून मी तो उचलला. तेवढ्यात साहेब आले.

"आजी, पहिली फेरी तुमच्यासोबत," म्हणाले. मला पसारा कसा चालत नाही ते त्यांना सांगत गेले बाई ऐटीत. लिफ्ट दीड मजला चढली आणि थांबली. पंखा बंद. साहेबांनी माझा हात असा धरला की बोटांचा पार रस निघाला.

दाराच्या खालच्या फटीतून नातीचा आवाज आला. "आजी, जास्तच नावं उडाली गं. दाराचा भाग मोटरला नावानं हाक मारतो, आणि आता तिला नावच नाही."

"मग घाल परत."

"ते जड प्रतीतूनच जमेल. पेन ड्राइव्ह कुठं टाकलास? कचऱ्याची गाडी आत्ताच गेली."

मी पर्स काखेत घट्ट धरली. साहेबांनी विचारलं, "मेकॅनिक?"

"बाहेरगावी आहे, साहेब."

साहेबांचा श्वास भात्यासारखा चालायला लागला. आता माझी अब्रू वाचवू की नातीची नोकरी?

मी पर्स उघडली आणि लिफ्टच्या जमिनीवर उपडी केली. तुटकी किल्ली, एकच कानातलं, संपलेले सेल, ह्यांच्या जुन्या चष्म्याची दांडी, लोकरीचा गुंडा, आणि सगळ्यात शेवटी पेन ड्राइव्ह.

"तुम्हाला पसारा चालत नाही म्हणालात ना?" साहेब कसेबसे बोलले.

"नाहीच चालत. हे सामान आहे."

लोकरीला बांधून पेन ड्राइव्ह फटीतून खाली सोडला. मध्येच तो अडकला. साहेबांनी डोळे मिटले. मी हलकासा झटका दिला.

"मिळाला," खालून आवाज आला.

नातीनं यावेळी बेतानं, लागतील ती नावं ठेवून बाकीची काढली. पंखा फिरला, लिफ्ट अलगद खाली आली.

"काम तुमच्याकडेच राहील," साहेब घाम पुसत नातीला म्हणाले. "फक्त काय टाकायचं ते आजींना विचारू नका."

मी खाली बसून सामान परत भरलं. पर्सची चेन काही लागेना.

"आजी, थोडं काढून टाक की," नात म्हणाली.

मला हल्ली जरा कमीच ऐकू येतं.