उत्तराची मालकीण

गणितात मिरचीचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. निदान मिरचीचं तरी तसं मत होतं, आणि ते ती मधल्या सुट्टीत फुकट वाटायची.

त्या दिवशी स्पर्धेच्या संघातली उरलेली एक जागा भरायची होती. बाईंनी फळ्यावर लिहिलं: f(x) = x² − 4x + 3, तर f(x + 2) काढून सोपं रूप द्या.

"x च्या जागी x + 2 ठेवायचं, झालं," मिरची पुटपुटली आणि तिने जीभ चावली. शेजारी पेन्सिल बसली होती. उंच, हडकुळी, मान जिराफाची. अशी मान कुणाला उगाच मिळत नाही! मिरचीने कागदाभोवती हाताचा आडोसा केला, पुढे दप्तर उभं केलं, दप्तरावर डबा ठेवला.

"किल्ला बांधतेस का गं?" पेन्सिलने विचारलं.

"तू तुझं बघ."

x चा वर्ग, दोनाचा वर्ग, मग −4 ने कंसाला गुणलं, आवराआवर केली. उत्तर: x² − 4x − 1. मिरची ऐटीत वळली, तर पेन्सिलच्या कागदावरही तेच. शेवटच्या वजा एकसकट!

मिरचीच्या अंगाचा तिळपापड झाला. "बाई, हिने माझं उत्तर चोरलं."

"नाही हं बाई, माझं मीच केलंय."

"मग सेम टू सेम कसं? मघाशी शिंकायचं नाटक करून वाकली होती ही. बाई, पहिल्या ओळीपासून ते माझंच आहे."

"नक्की? मग कर सही."

मिरचीने उत्तराखाली झोकात सही ठोकली.

बाईंनी दोन्ही कागद न्याहाळले. "चोरी झालीय खरी. x + 2 चा वर्ग x² + 4x + 4. त्यातला मधला 4x कोणी पळवला? तो असता तर पुढच्या −4x बरोबर उडाला असता आणि उरलं असतं नुसतं x² − 1."

पेन्सिल ताडकन उठली.

"बाई, कबूल करते. मी हिचंच बघून लिहिलं. माझं त्यात काही नाही."

"खोटं बोलतेय, बाई," मिरची कळवळून म्हणाली. "तिचं तिनेच केलंय. हुशार आहे ती."

बाईंनी नुसतं सहीकडे बोट दाखवलं.

जागा दुसऱ्या तुकडीला गेली. पेन्सिलने खरंच पाहिलं होतं का, याचा मिरचीला अजून संशय आहे. सही मात्र फर्मास होती. बक्षिसं घेताना लागेल म्हणून तिने सुट्टीभर घोटली होती.