बायकोने ब्लॉक घेतला

मालगाड्या मी मोबाइलवर बघत होतो तोवर आमचा संसार बरा चालला होता. (बरा म्हणजे इतरांचा चालतो तसाच, कुरकुरत.) एका सकाळी चष्मा पुसता पुसता माझ्या मनात आलं, की एवढ्याशा पडद्यावर एवढी मोठी गाडी बघणं हा गाडीचा अपमान आहे. मी जावयाला फोन करून टीव्हीला इंटरनेट कसं जोडायचं ते विचारून घेतलं, आणि जेवणाच्या आत अख्खा मालधक्का आमच्या हॉलमध्ये आणून उभा केला.

हा मालधक्का आमच्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. समोरच्या गोदामाच्या छपरावर कुणा हौशी माणसाने कॅमेरा बसवलाय, तो दिवसभर चालू असतो. कोळसा येतो, सिमेंट जातं, तेलाच्या टाक्या निवांत उभ्या असतात. "इतकी आवड आहे तर तिथे जाऊनच का बघत नाही?" असं मला बरेच जण विचारतात. अहो, तिथे ऊन असतं, धूळ असते, आणि चुकलेली गाडी मागे नेऊन पुन्हा बघता येत नाही. शिवाय बसायला खुर्ची नाही. मी विमा कंपनीच्या दावे विभागात नोकरी केली. लोकांनी भरपाई मागायची आणि ती का मिळणार नाही हे मी नम्रपणे कळवायचं. एवढं पुण्य गाठीशी बांधून निवृत्त झालेल्या माणसाला निदान खुर्ची तरी हवी की नको?

अडचण एकच होती. हॉलमध्ये माझ्या आधीपासून एक मशीन होतं. बायकोचं शिवणयंत्र. ती पडदे शिवते, अभ्रे शिवते, शाळेचे गणवेश शिवते, आणि उजेड हॉलच्या खिडकीतच चांगला येतो म्हणून मशीन तिथेच. आता मालगाडीचं सगळं सौंदर्य तिच्या आवाजात असतं हे तुम्हाला सांगायला नकोच.

"अगं, मशीन जरा थांबव. गाडी येतेय."

ती थांबवायची. मालगाडी काही दोन डब्यांची नसते. ती निवांत येते, निवांत जाते, कधी मध्येच उभी राहते. तोवर बायको पायपट्टीवर पाय ठेवून अर्ध्या शिवणीकडे बघत बसायची. गाडी गेली की मी म्हणायचो, "हं, चालू दे आता." (मनाने मी उदार आहे.)

खरं सांगू का, गाड्यांपेक्षा मला दुरुस्ती जास्त आवडते. नारिंगी जाकिटं घातलेले लोक येतात, रुळाखालची खडी उकरतात, स्लीपर बदलतात, मग एक पिवळं यंत्राचं धूड येऊन खडी दाबत पुढे सरकतं. पाच जण काम करतात आणि एक जण लाल झेंडी धरून दूरवर बघत असतो. मला त्या झेंडीवाल्याविषयी विशेष आपुलकी वाटते. पण हे सगळं होण्याआधी ब्लॉक घ्यावा लागतो. म्हणजे ठरलेल्या वेळात त्या रुळावर एकही गाडी सोडायची नाही. हे मी बायकोला रोज समजावून सांगत असे. "ब्लॉक घेतल्याशिवाय दुरुस्ती अशक्य! गाड्या धावतच राहिल्या, तर रुळाने जगायचं कसं?"

"हं," ती म्हणायची. तिच्या ओठांत टाचण्या असायच्या. ओठांत टाचण्या धरलेलं माणूस 'हं'च म्हणणार, पण मी त्याचा अर्थ 'आणखी सांगा' असा घेत आलो.

मग ती दुपारची बाहेर जायला लागली. दोनला पिशवी घेऊन निघायची, चारला परत. "कुठे?" "बटणं आणायला." दुसऱ्या दिवशी दोरा. तिसऱ्या दिवशी अस्तर. मला काही वाटलं नाही. उलट दोन ते चार या वेळात गाड्यांचा आवाज स्वच्छ यायला लागला म्हणून मी खूश होतो. एकदा तर मी तिला म्हटलंसुद्धा, "थोडी आणखी बटणं लागतात का बघ." आज आठवलं की माझी मलाच कीव येते.

एके दिवशी मी पाणी प्यायला उठलो. ती स्वयंपाकघरात धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत होती. मी दाराआड थांबलो. (चोरून ऐकत नव्हतो. मी थांबलो होतो आणि ऐकू येत होतं.)

"अगं, ब्लॉक घेतलाय मी... दोनचा... नाही, ह्यांना नाही सांगितलं. सांगितलं तर तिथेही येऊन बसतील... खूप शांत आहे गं. मोठी खिडकी आहे, वारा येतो. आजूबाजूला कुणी तोंड उघडत नाही... डॉक्टर ना? भला माणूस आहे. काही विचारत नाही. परवा तर माझ्यासाठी स्वतः पंखा लावून दिला."

माझ्या हातातला रिकामा पेला तसाच राहिला.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मी ज्या पिढीतला आहे त्या पिढीत घराला ब्लॉक म्हणायचे. 'अमक्याने ब्लॉक घेतला' म्हटलं की लोक पेढ्यांची वाट बघायचे. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं ते घर. दोन खोल्यांचं, मोठ्या खिडकीचं, वारा येणारं, आणि त्यात पंख्याचं बटण दाबणारा डॉक्टर. मी पाणी न पिताच परत येऊन खुर्चीत बसलो. समोर तेलाच्या टाक्या जात होत्या आणि मला त्यांतली एकही धड दिसत नव्हती. इतक्या वर्षांत ही बाई मला सोडून जाऊ शकते हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माणूस छपराचा विचार कधी करतो? गळायला लागल्यावर.

मन मोकळं करायला मित्र लागतात. माझे मित्र त्या कॅमेऱ्याखालच्या चॅटमध्ये असतात. तिथे मी 'रूळप्रेमी'. एक गृहस्थ 'खडीसाखर' नावाने लिहितात, त्यांचा शब्द तिथे शेवटचा. मी लिहिलं, "ब्लॉक घेतलाय. मला न सांगता."

खडीसाखर: "कुठल्या लाइनवर?"

मी: "घरच्याच."

खडीसाखर: "पूर्वसूचना द्यायला हवी होती. किती वेळाचा?"

मी: "मला तर कायमचा वाटतोय."

खडीसाखर: "कायमचा ब्लॉक नसतो हो. त्याला लाइन बंद करणं म्हणतात. रूळसुद्धा उखडून नेतात."

मी चिडून चॅट बंद केलं. इथे माणसाचं घर मोडतंय आणि ह्यांना रेल्वे सुचतेय!

शेवटी मी स्वतःच तपास करायचं ठरवलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात घरांचा एक एजंट बसतो. त्याच्याकडे जाऊन मी आवाज खाली आणून विचारलं, "माझ्या बायकोने तुमच्याकडून ब्लॉक घेतलाय का?"

"अजून नाही," तो म्हणाला.

"अजून नाही म्हणजे?"

"म्हणजे घेतील. कसा हवाय त्यांना?"

"मोठी खिडकी," मी दात ओठ खात म्हटलं, "वारा, शांतता, आणि आजूबाजूला तोंड न उघडणारी माणसं."

"अशी एक जागा आहे," तो म्हणाला. "मॅडमचा नंबर द्या, मी विचारून घेतो."

आता तुम्ही म्हणाल, नंबर कशाला दिला? मला वाटलं, हा विचारेल, ती गडबडेल आणि खरं बाहेर येईल. दावे विभागात आम्ही अशीच माणसं पकडायचो. (तिथे मला बढती का मिळाली नाही हे आता तुम्हाला कळलं असेल.)

त्या दिवशी ती चारला परत आली. मी टीव्ही बंद करून बसलो होतो. ते बघून तिने आधी माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप नाही मला," मी म्हटलं. "मला सगळं कळलंय. ब्लॉक."

ती पिशवी ठेवत म्हणाली, "बरं झालं. मी सांगणारच होते."

"लाज नाही वाटली?"

"त्यात लाज कसली? दुरुस्तीसाठी घेतला."

"घेतला तोसुद्धा पडका?"

"काय पडका?"

"आणि तो डॉक्टर? तिथेच राहतो?"

"राहतो कशाला? दुपारचा असतो, मग घरी जातो. त्याला बायकापोरं आहेत."

"बायकापोरंही आहेत!" मी खुर्चीचे हात घट्ट धरले. "आणि तू त्याच्याकडे करतेस काय?"

"काजं," ती म्हणाली. "काजं आणि हातशिलाई. अहो, दातांचा डॉक्टर आहे तो. त्याच्या दवाखान्यात बाहेर बाकं आहेत, तिथे बसते. कुणी बोलत नाही, सगळ्यांचे दात दुखत असतात. तुम्हीच रोज सांगता ना, ब्लॉक घेतल्याशिवाय दुरुस्ती होत नाही? मग घेतला. दोन तास. माझं डोकं दुरुस्त व्हायला."

मला जे हसू फुटलं ते सांगता सोय नाही. डोळ्यांतून पाणी आलं. "अगं, तो ब्लॉक! मी समजलो घर घेतलंस! दोन खोल्यांचं!" मला वाटलं, तीही हसेल. ती हसलीही, जराशी. मग हसू कुठल्या कुठे गेलं.

"मी लोकांच्या दातदुखीत जाऊन बसते," ती म्हणाली, "कारण तिथे मला घरच्यापेक्षा बरं वाटतं. ह्यात हसण्यासारखं काय आहे ते सांगा."

त्या वेळी मला फक्त एवढंच कळलं, की टाचण्या तोंडात धरून ती इतके दिवस माझा शब्द न् शब्द ऐकत होती, आणि मी मात्र तिचं मशीनसुद्धा कधी ऐकून घेतलं नव्हतं. हे मला लागलं. मी बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"हॅलो... कोण?... ब्लॉक?" तिने माझ्याकडे बघितलं. "नाही हो, काहीतरी गैरसमज झालाय." ती फोन ठेवणार होती. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मग तिचा हात थांबला.

"खिडकी कुठल्या बाजूला आहे?" तिने विचारलं.

तीच माझ्या नशिबाची घडी. मी हातांनी खुणा करत राहिलो, ती पाठ फिरवून ऐकत राहिली. भाडं तिला तिच्या शिवणकामातून सहज परवडणारं निघालं. इतकी वर्षं मी जिला 'तुझं ते शिवणटिपण' म्हणत आलो, त्यात एक अख्खं घर बसत होतं.

"फक्त कामापुरतं," ती म्हणाली. पहिल्या दिवशी मशीन गेलं. मग इस्त्री, मग कापडांचे गठ्ठे. मग म्हणे, दुपारी पाठ टेकायला सतरंजी. पुढे उशी. एका संध्याकाळी गणवेशांची घाई म्हणून ती तिथेच राहिली, आणि ती घाई अजून संपलेली नाही. भांडण नाही, रडारड नाही. रविवारी येते, माझ्या शर्टांची बटणं बघते, फ्रिजमध्ये काय कुजलंय ते बघते आणि जाते. धाकटी मेहुणी म्हणते, ताईचं डोकं आता एकदम दुखायचं थांबलंय. छान. डोकेदुखी कुठे राहते ते सगळ्यांना माहीत आहे.

तिची खोली कुठे आहे? मालधक्क्याच्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. तिच्या खिडकीखालून गाड्या जातात. खऱ्या. हे कळल्यावर मी धीर करून म्हटलं, "एखाद्या दुपारी मी येऊ का? नुसता खिडकीत बसेन. बोलणार नाही."

"तुम्हाला कशाला तंगडतोड?" ती म्हणाली. "तुमच्याकडे कॅमेरा आहे की."

आहे. आणि कॅमेऱ्यात, डाव्या कोपऱ्यात अगदी वर, तिची खिडकी दिसते. आता आमच्या घरात मशीन नसल्यामुळे गाडीचा आवाज इतका स्वच्छ येतो की अंगावर येतो. हल्ली मी टीव्हीच मुका करतो आणि त्या कोपऱ्याजवळ खुर्ची ओढून बसतो. चॅटमध्ये एकदा लिहिलं, "ती वरची खिडकी माझ्या बायकोची." खडीसाखरांनी उत्तर दिलं, "कृपया विषयाला धरून लिहा."

परवा दुपारी ती खिडकीत आली. हातातलं काम तिने बाजूला ठेवलं, चेहरा वर केला, आणि हसून चक्क हात हलवला. इतकी हसलेली ती मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मी खुर्चीवरून उठलो. टीव्हीसमोर उभं राहून मीही हात हलवला, एक नाही, दोन्ही. म्हटलं, ओळखलं बाईने, मी इकडून बघत असतो ते!

तेवढ्यात मालगाडीचा शेवटचा डबा चित्रात आला, आणि त्यातून गार्डने बाहेर वाकून तिला हात केला.