पहिल्या पानाचे पटलेभाऊ

पटलेभाऊ कवितासंग्रह हातात घेतात, पहिलं पान उघडतात, डोळे बारीक करून दोन मिनिटं बघतात आणि पुस्तक मिटून ठेवतात. झालं त्यांचं वाचन. आतल्या कवितांशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांना हवी असते कवीने स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ. 'प्रिय अमक्यास, सप्रेम', खाली सही, तारीख. आणि आवृत्ती पहिलीच पाहिजे. मी एकदा हौसेने दुसऱ्या आवृत्तीचं सहीचं पुस्तक नेऊन दिलं, तर संध्याकाळी ते परत आलं.

"कविता तं साऱ्या गावासाठी रायते, मॅडम," ते मला म्हणतात. "हे चार शब्द एकाच माणसासाठी रायतेत."

मी सडक अर्जुनीला शाळेत मराठी शिकवते. पटलेभाऊ माझे शेजारी. त्यांची सगळी नोकरी चोरखमाऱ्याच्या तलावावर पाण्याची पातळी वहीत लिहिण्यात गेली. "पट्टीवर दिसते तेवढंच लिवाचं. बोटभर जास्त नाई, बोटभर कमी नाई," हे त्यांचं ब्रीद. पुस्तकांनाही तोच नियम. एका नामवंत कवीने सहीच्या वर 'आशिर्वाद' असं लिहिलं होतं. मी सवयीने लाल पेन काढून 'शि'चा 'शी' केला. पटलेभाऊ पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

"चूक त्याची होती. तुम्ही कायले सुधारता जी?" सोळाव्या दिवशी एवढंच म्हणाले.

पुस्तकं ते धानाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवतात, निंबाचा पाला घालून. कोठी भरली तेव्हा त्यांच्या बायकोने, देवकाकाकूंनी, धान पोत्यांत भरून ओसरीत रचलं. आता त्यांच्याकडे जाणारा माणूस पोत्यांच्या मधून तिरका होऊन आत शिरतो.

ही पुस्तकं मिळतात कुठे? गोंदियाच्या रद्दीच्या दुकानांत. आणि खरा घोळ तिथूनच सुरू होतो. कोणी प्रेमाने लिहून दिलेलं पुस्तक माणूस रद्दीत घालतो, हे पटलेभाऊंना सहन होत नाही. ते त्या माणसाचा पत्ता शोधतात, पुस्तक पिशवीत घालून त्याच्या दारात उभे राहतात आणि विचारतात, "काऊन देल्लं?"

एका वकिलाने दार लावून घेतलं. एक प्राध्यापक "भाई, घर छोटा है" म्हणत राहिले. दवनीवाड्याच्या निवृत्त हेडमास्तरांनी तर चहा पाजला, पुस्तक चोरीला गेलं होतं असं सांगितलं आणि घरातली आणखी तीन पुस्तकं देऊन स्वतःची सुटका करून घेतली.

मागच्या उन्हाळ्यात त्यांना एक पातळसा संग्रह मिळाला. कवी गोंदियाचेच, कॉलेजात शिकवायचे. उभ्या आयुष्यात एवढंच एक पुस्तक, आणि कवी जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. पहिल्या पानावर बायकोच्या नावाने लिहिलं होतं, 'सौ. कुसुम हिस'. खाली सही. बस.

"नवऱ्यानं देल्लेलं पुस्तक बाईनं विकलं," पटलेभाऊ संतापून म्हणाले. "तुम्ही चला संग. बाईमाणसाले एकट्यानं विचारनं बरं दिसत नाई."

कुसुमताई पंच्याहत्तरीच्या पुढच्या. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. सून कामावर गेली होती. भिंतीचा आधार घेत त्यांनीच दार उघडलं आणि आम्हाला बसवलं. पटलेभाऊंनी वाटेत घोकलेला प्रश्न विचारला, पण आवाज बराच उतरला होता.

"आलमारी सुनेनं साफ केली," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही, तिला वाचायला वेळ नाही. पण तुमची काही चूक झाली आहे. त्यांनी मला पुस्तक दिलंच नव्हतं."

"तुमच्या नावाचं हाये जी."

 त्या म्हणाल्या, "पुस्तक आलं त्या दिवशी घरी चाळीस माणसं जेवायला होती. निघताना दारात प्रत्येकाला लिहून दिलं. मी आतून बघत होते. वाटलं, सगळे गेले की मला देतील. मग राहून गेलं, अन् मी कधी मागितलं नाही." त्यांनी हात पुढे केला. पटलेभाऊंनी पुस्तक हातात दिलं. त्यांनी पानावरून बोटं फिरवली आणि पुस्तक परत केलं. "काय लिहिलं आहे? वाचून दाखवा."

मी शेजारी बसले होते. पान मला दिसत होतं. एक नाव, एक सही.

पटलेभाऊंनी चष्मा लावला. घसा साफ केला. आणि शाळेतल्या मुलासारखं शुद्ध, सावकाश वाचलं, "सौ. कुसुम हिस. हे सगळं कशासाठी, असं तू एकदाही विचारलं नाहीस. म्हणूनच हे झालं. पुस्तकावर नाव माझं आहे, पण घरातली शांतता तुझी होती."

"पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा वाचलं. एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही.

कुसुमताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि पाणी आणते म्हणून भिंत चाचपत आत गेल्या. मी हळूच म्हटलं, "भाऊ, पुस्तक इथे राहिलं तर संध्याकाळी त्या सुनेकडून वाचून घेतील ना."

पटलेभाऊंनी खिशातलं पेन काढलं.  नावाच्या आणि सहीच्या मधल्या जागेत, कवीच्या अक्षराला शक्य तेवढं जुळवत, त्यांनी ती तीन वाक्यं लिहिली. कोठीत ठेवण्याजोगं ते पुस्तक त्या क्षणी बाद झालं. फुंकर घालून त्यांनी शाई वाळवली आणि कुसुमताई आल्यावर त्यांच्या मांडीवर पुस्तक ठेवलं.

"हे तुमचंच हाये. आता आलमारीत नका ठेवू."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. गोरेगाव गेलं. मी विचारलं, "एवढं चांगलं सुचलं कसं हो तुम्हाला?"

"सुचलं कुठलं जी," ते बाहेर बघत म्हणाले. "घरी सांगाचं होतं. लई दिवसापासून जुळवून राहिलो होतो."

"मग सांगा की आज."

"आता कसं सांगू? ते दुसरीच्या नावानं लिवून देल्लं ना."

कोहमारा जवळ आलं तेव्हा ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्यापाशी कोरा कागद हाये काय?"

मी वहीतलं पान फाडून दिलं. त्यांनी ते गुडघ्यावर धरलं आणि धक्के सांभाळत वरती लिहिलं, 'सौ. देवका हिस'. मग सडक अर्जुनी येईपर्यंत पेन तसंच कागदावर टेकवून बसले.