तीनशे छत्तीस वाटाणे

पाकिटं अठ्ठेचाळीस. प्रत्येक पाकिटात लग्नपत्रिका एक आणि ओल्या कुंकवात घोळून वाळवलेले वाटाणे सात. म्हणजे वाटाणे एकूण तीनशे छत्तीस. शेफालीने ते दोनदा मोजले होते, कारण लग्न तिचं होतं आणि कल्पनाही तिचीच.

तांदळाच्या अक्षता पाकिटात चुरडतात. वाटाणा शाबूत राहतो, शिवाय पाहुण्यांना कुंडीत पेरता येतो. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीला एवढं पुरेसं होतं. पण खरा आधार हिरामावशीचा. शेफालीच्या लहानपणी मावशी आईला म्हणाली होती, "लावल्या त्यांना वाटाण्याच्या अक्षता!" कोणाला, कशासाठी, ते शेफालीला आठवत नव्हतं. मावशीच्या चेहऱ्यावरचं समाधान मात्र लख्ख आठवत होतं. त्यावरून तिने ठरवलं, हा कुठला तरी जुना, खास मान असणार. नमुना एकच होता, हे तिला तेव्हाच खटकायला हवं होतं.

पहिलं पाकीट तिचे बाबा सकाळीच हडपसरला, होणाऱ्या जावयाच्या, आमोदच्या, महिपतीकाकांकडे देऊन आले होते. कसब्याच्या गणपतीच्याही आधी, कारण गणपती रुसत नाही. काका रुसतात. साखरपुड्यात त्यांचं नाव दुसरं पुकारलं गेलं, तर ते न जेवता निघाले होते. आमोदला वडील नाहीत. काकांनीच त्याला वाढवलं. त्याने स्पष्ट सांगितलं होतं, "काका आले नाहीत, तर मी बोहल्यावर उभा राहणार नाही."

दुपारी शेफाली कसबा पेठेत, सिराजचाचांच्या पत्रिकांच्या दुकानात गेली. फाटलेली चार पाकिटं बदलायची होती. चाचांनी एक उपडं केलं आणि काचेवर वाटाणे घरंगळले.

"हे काय?"

"वाटाण्याच्या अक्षता, चाचा. जुनी पद्धत."

चाचांनी चष्मा कपाळावर नेला. "लग्न मोडलं का, बेटा?"

"नाही हो! असं काय विचारता?"

"तीस वर्षं पत्रिका छापतोय मी. वाटाण्याच्या अक्षता लावल्या म्हणजे समोरच्याला कटवलं. तोंडाला पानं पुसली. लोक असं बोलतात. बोलतात, हं. करून दाखवलेलं आज पहिल्यांदा बघतोय."

शेफालीने काचेवरचे वाटाणे मुठीत गोळा केले. तरीही सवयीने तिने विचारलं, "पण वाटाणेच का? मसूर का नाही?"

"कपाळाला लावून बघ. तांदूळ चिकटतो, वाटाणा पडतो. मला वाटतं यामुळेच. खात्रीने विचारशील, तर ठाऊक नाही. पाकिटं वाटलीस का?"

"एकच. महिपतीकाकांना."

चाचांनी कागदाच्या पुडीत चिमूटभर कुंकवाचे तांदूळ बांधून दिले.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. काका आलेलं टपाल चारच्या चहाबरोबर उघडतात, त्याआधी नाही. हातात पन्नास मिनिटं होती.

रिक्षात तिने एक वाटाणा कपाळाला लावला. पडला. दुसऱ्यांदा लावला. पुन्हा पडला.

"ताई, कपाळाला काय लागलं?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

"वाटाणा."

"बरं." मग हडपसर येईपर्यंत त्याने आरशात पाहिलं नाही.

तीन बावन्नला गोदाकाकूंनी दार उघडलं. "अगं, फोन नाही, काही नाही!"

"सहज आले. काकू, जरा पाणी देता?"

काकू आत वळल्या. दिवाणावर काका घोरत होते. उशाशी चष्मा आणि चष्म्याखाली पाकीट. शेफालीने ते न चिकटवलेलं पाकीट अलगद ओढून हातावर रिकामं केलं, तांदूळ आत सारले, पाकीट पुन्हा चष्म्याखाली. मग वाटाणे मोजले. सहा.

सातवा दिवाणाखाली गेला होता. ती गुडघ्यांवर बसली, आडवी झाली, हात लांबवला. बोटांना वाटाणा लागला आणि त्याच क्षणी घोरणं थांबलं.

"काय चाललंय?"

दिवाणावरून उतरलेली काकांची पावलं समोर होती. शेफालीने मूठ मिटली आणि डोकं टेकवलं. "नमस्कार करतेय, काका."



"इतकं खाली वाकणारं हल्ली कुणी राहिलं नाही," काका म्हणाले. त्यांनी चष्मा लावला आणि पाकीट उघडलं. पत्रिकेत आपलं नाव पहिलं आहे, हे बोट ठेवून पाहिलं. तांदूळ तळहातावर घेऊन निरखले. "व्यवस्थित आहे. येऊ आम्ही."

शेफालीचा जीव भांड्यात पडला. काकू चहा घेऊन आल्या.

"आमोदनेही आज सुट्टी टाकलीय, आपल्या बाजूची पाकिटं वाटायला. तू कसलीशी खास पद्धत सांगितलीस म्हणे. मला बघूही दिलं नाही मेल्याने."

शेफालीने कप खाली ठेवला, गॅलरीत जाऊन आमोदला फोन लावला.

"अगं, भारी आयडिया तुझी!" तो म्हणाला. "कात्रजचं शेवटचं आत्ताच दिलं."

"आमोद, पाकिटात काय घातलंयस?"

"तू सांगितलंस तेच. सात-सात, मोजून."

"एकूण पाकिटं किती?"

पाकिटं दोनशे दहा. वाटाणे एक हजार चारशे सत्तर. पोचलेली पाकिटं, दोनशे दहा.